पाण्याची बाटली, खंबाटकी घाट आणि दहाचाकीचा हिशेब

२०२५ च्या मे महिन्यातला एक मंगळवार. पहाटे चारच्या सुमारास खंबाटकी घाटाच्या अर्ध्या चढावर अण्णांच्या दहाचाकी ट्रकचा टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी कडेला घेईपर्यंत केबिनखालून वाफ यायला लागली आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. गाडीत वडाळ्याहून भरलेले ९० बॅरल इंजिन ऑइल होते, वजन सतरा टनांच्या घरात. गाडीत नव्वद बॅरल इंजिन ऑइल आणि इंजिन मात्र रस्त्यावर बसलंय, हा विनोद अण्णांनीच मला नंतर सांगितला. त्या पहाटे कुणाला तो सुचला नव्हता.

अण्णा हे त्यांचं खरं नाव नाही. वय शेहेचाळीस, गाव माण तालुक्यात, घर मानखुर्दला, गाडी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर उभी असते. एकच गाडी, मालक तेच आणि ड्रायव्हरही तेच. क्लीनर म्हणून बहिणीचा मुलगा. मी अशा एक-दोन गाड्यांच्या मालकांचे रिटर्न भरतो, विम्याचे कागद बघतो, फायनान्सवाल्यांची पत्रं वाचून दाखवतो. अण्णांचं प्रकरण मुद्दाम पूर्ण लिहून ठेवतोय, कारण यात झालेल्या चुका आणि घेतलेले बरोबर निर्णय दोन्ही नेहमीचे आहेत. आकडे त्यांच्या पावत्यांवरून घेतलेत, थोडे गोल केलेत. नाव सोडून बाकी सगळं छापा, असं त्यांनीच सांगितलं.

गाडी २०१९ सालची, बीएस-फोर (धुराच्या आधीच्या नियमांतली), पासिंग २८ टनाचं, म्हणजे गाडी आणि माल मिळून तेवढं वजन चालतं. जून २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली, १९ लाखांना. चार लाख अण्णांचे, पंधरा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, अठरा टक्के. हप्ता ३८,०९०. घाटात गाडी बसली तेव्हा ३५ हप्ते गेले होते, २५ राहिले होते. मीटर तीन लाख दहा हजारांच्या आसपास. काम ठरलेलं: वडाळ्याहून कोल्हापूरला ऑइल, येताना तिकडून साखर. महिन्याला पाच फेऱ्या.

भाच्याची बाटली

दुखणं मंगळवारचं नव्हतं. अण्णा केबिनमध्ये झोपायचे तेव्हा भाचा खालापूरच्या आसपास गाडी थांबली की एक बाटली पाणी टाकीत ओतायचा. साधं पाणी, हॉटेलच्या नळाचं. आधी पाव बाटली लागायची, मग अर्धी, मग दोन थांब्यांवर एकेक. तीन आठवडे हे चाललं. मामाला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं तर म्हणाला, “पाणी कमी झालं की टाकायचं, हेच तर माझं काम ना?”

त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पाणी टाकणं हे काम आहे हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं. टाकलेलं पाणी ही बातमी आहे, हे कुणी शिकवलं नव्हतं. बंद सर्किटमधून पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय. अण्णांच्या गाडीत ते वॉटर पंपाच्या सीलमधून जात होतं. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. सील झिजलं की त्यातून थेंब पडायला लागतात, म्हणजे पंप स्वतःच ओरडून सांगत असतो. गाडी उभी असताना थेंब वाळून जातात आणि मागे हिरवट-पांढरा ओघळ तेवढा उरतो. तो ओघळ शिरवळच्या मिस्त्रीने बॅटरी मारून दाखवला, चांगला बोटभर लांब होता.

साधं पाणी घातल्याने दुसरीही गोष्ट झाली. इंजिन थंड ठेवणारं कूलंट पातळ होत गेलं. कूलंट हे काही नुसतं रंगीत पाणी नाही. ते उशिरा उकळतं, गंज धरू देत नाही आणि पाण्यातला क्षार नळ्यांमध्ये साचू देत नाही. तीन आठवड्यांच्या नळाच्या पाण्याने आधीच अर्धवट चोंदलेला रेडिएटर आणखी चोंदला. मे महिना, सतरा टन वजन, आधी बोरघाट चढलेला, त्यावर खंबाटकी. तेव्हा कोल्हापूरकडे जाताना खंबाटकीत घाट चढावाच लागायचा, बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांना होता. रिकाम्या गाडीला जे चाललं असतं ते भरल्या गाडीला चाललं नाही. हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधली पट्टी.

शिरवळचे चार दिवस

गाडी निवल्यावर रिकव्हरीवाल्याने ओढून मागे शिरवळला आणली. तिथल्या मिस्त्रीने डिपस्टिक काढून बोटावर ऑइल घेतलं, चोळलं, अण्णांना दाखवलं. ऑइल काळंच होतं. पाणी मिसळलं असतं तर दुधाच्या चहासारखं झालं असतं. म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जाऊन धुराबरोबर बाहेर पडत होतं, खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलं नव्हतं. आणि काटा लाल झाल्यावर अण्णांनी गाडी पुढे रेटली नाही, हेही त्यामागचं एक कारण. “माथ्यावर ढाबा आहे, तिथवर नेऊ” असं भाचा म्हणाला होता. तेवढा एक किलोमीटर नेला असता तर इंजिन वाचलंच नसतं आणि पुढचं सगळं लिहायची गरजच पडली नसती.

हेड उघडेपर्यंत दुपार झाली. मग ते वाक्य आलं, जे या धंद्यात प्रत्येक गाडीवाल्याने कधी ना कधी ऐकलेलं असतं: “हेड खोललंच आहे तर फुल इंजिन करून घ्या अण्णा, परत बघायला नको.” फुल इंजिन म्हणजे लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), पिस्टन, रिंग, बेअरिंग, सगळं. अंदाज दोन लाख चाळीस हजार आणि बारा दिवस.

मिस्त्री लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या बाजूने बघितलं तर मोठं काम केलं की गाडी परत तक्रार घेऊन येत नाही आणि नाव खराब होत नाही. पण त्याची सोय आणि अण्णांची गरज या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

अण्णांनी मला फोन केला तेव्हा त्यांच्या मनात फुल इंजिन जवळजवळ ठरलं होतं. मला इंजिनातलं फार कळत नाही, म्हणून वडाळ्याच्या त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीला फोनवर घेतलं. त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. ऑइल बदलल्यापासून पुढच्या बदलीपर्यंत वरून किती टाकावं लागतं? अण्णा म्हणाले, दोन लिटर, कॅन केबिनमध्येच असतो. चढाला निळा धूर? नाही. ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर फेकते का? नाही. “मग आता लायनरच्या वरच्या कडेवर आतून नख फिरवा. अडकतंय?”

अण्णांनी नख फिरवलं. सहाही सिलिंडरमध्ये. नख अडकलं नाही. पिस्टन जिथवर वर येतो तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने एक पायरी तयार होते, ती नखाला लागते. शिवाय लायनरच्या आत तिरक्या रेघांची जाळी अजून दिसत होती, भाच्याने मोबाइलवर फोटो पाठवला. जाळी दिसतेय, पायरी नाही, ऑइल पीत नाही. “खालचं इंजिन ठीक आहे,” वडाळ्याचा मिस्त्री म्हणाला, “हेड पुण्याला पाठवा, प्रेशर टेस्ट करा. तडा नसेल तर फेस काढून, म्हणजे खालचा पृष्ठभाग घासून सपाट करून, बसवा. तडा असेल तर मला परत फोन करा.”

माझ्या मते अण्णांचं वर्ष त्या नखाने वाचवलं. दोन लाख चाळीस हजार त्यांच्याकडे नव्हतेच. ते शेकडा तीनने कुणाकडून तरी आले असते, म्हणजे महिन्याला ७,२०० नुसतं व्याज, वर हप्ता चालूच.

दुसरा मोठा प्रश्न मालाचा होता. बुकिंग एजंटचा निरोप आला: दुसरी गाडी बघतो, माल तिच्यात पलटी करू, त्या गाडीचं भाडं आणि हमाली तुमच्या बॅलन्समधून जाईल. हिशेब १८,५०० चा. कोल्हापूरचं भाडं एकूण २७,०००, त्यातले २१,६०० अ‍ॅडव्हान्स डिझेल-टोलमध्ये गेलेले. बॅलन्स राहिलेला ५,४००. म्हणजे भाडं सोडाच, अण्णांनाच पदरचे तेरा हजार द्यावे लागले असते.

इथे अण्णांनी स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली, आणि मला वाटतं तीच या प्रकरणातली सगळ्यात हुशार गोष्ट. बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) माल घेणाऱ्याचा नंबर होता. गोकुळ शिरगावच्या गोदामात फोन लावला. तिथले गोदामवाले म्हणाले, “शनिवारपर्यंत आलं तरी चालेल हो, जुना स्टॉक आहे आमच्याकडे. फक्त ई-वे बिलाचं बघा.” एजंटला घाई होती ती त्याच्या स्वतःच्या सवयीची. मालाला घाई आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याचं थोडं सांगतो, कारण रस्त्यात गाडी बसली की निम्मे लोक इथेच अडकतात. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. वडाळा ते कोल्हापूर साधारण ३९० किलोमीटर, म्हणून दोन दिवस, बुधवारी मध्यरात्री संपणार. मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच, आणि कारण द्यावं लागतं. गाडी बिघडणं हे त्यातलं एक कारण आहेच. अण्णांच्या बाबतीत ही वाढ एजंटच्या ऑफिसातून करायची होती. तीन रात्री अण्णांनी नऊला फोन करून आठवण केली, तीन वेळा मुदत वाढली. माल दुसऱ्या गाडीत टाकला असता तर नवा गाडी नंबर बिलावर चढवावा लागला असता, तेही विसरतात आणि मग चेकिंगला सापडतात.

चार रात्री भाचा बॅरलवर ताडपत्री पांघरून झोपला.

बिल

हेडला तडा नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी गाडी चालू झाली, शनिवारी सकाळी बॅरल उतरले. बिल असं आलं: हेडची टेस्ट आणि फेसिंग ५,५००, गॅस्केट सेट ६,८००, हेड बोल्ट ३,६००, वॉटर पंप ७,२००, थर्मोस्टॅट १,४००, पाइप आणि क्लॅम्प २,१००, रेडिएटर उघडून कोर साफ ४,५००, कूलंट ३,८००, ऑइल-फिल्टर ८,४००, पुण्याला जाणारा-येणारा टेम्पो २,५००, मजुरी १२,०००. एकूण ५७,८००.

बोल्टचे ३,६०० अण्णांना टोचले होते, जुने चांगले दिसत होते. पण हेडचे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात. परत तेच घातले तर ताण सारखा बसत नाही आणि नवं गॅस्केट पुन्हा जातं. इथे पैसे वाचवणं म्हणजे सगळं काम पाण्यात.

विम्याचं त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं. वर्षाला सत्तर हजार भरतो, काहीतरी मिळेल ना? नाही मिळत. त्या सत्तरमधले ४३,९५० तर थर्ड पार्टीचेच, २० ते ४० टनांच्या गाडीचा सरकारने ठरवलेला दर. उरलेल्यात अपघात, आग, चोरी, पूर येतं. झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाही. हे पॉलिसीत लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही, आणि मी वाचून दाखवतो तेव्हा माझ्याकडे असं बघतात की जणू मीच ते लिहिलंय.

बिलाबाहेरचं वेगळंच. त्या महिन्यात एक फेरी बुडाली, तिचे सव्वाचौदा हजार. म्हणजे प्रकरण बहात्तर हजारांना पडलं. वडाळ्यात, रिकाम्या गाडीला, ओघळ दिसला त्या आठवड्यात पंप आणि कूलंट बदलला असता तर तेरा हजार आणि अर्धा दिवस.

पैसे उभे केले ते वहिनींच्या पाटल्या ठेवून. पतसंस्थेत सोनेतारण, पन्नास हजार, वर्षाला बारा टक्के, महिन्याला पाचशे व्याज. टर्मिनलवर हातात लगेच देणारे होते, शेकडा तीनने, म्हणजे त्याच पन्नास हजारांना दीड हजार. अण्णांना पाटल्या ठेवायची लाज वाटत होती. वहिनी म्हणाल्या, “घालून कुठे जायचंय मला? लग्नसराई संपली.”

पण मग पैसे का नव्हते?

इथवरचं सगळं म्हणजे एक बिघाड आणि त्याची डागडुजी. मला खरा प्रश्न पडला तो जूनमध्ये, रिटर्नचे कागद गोळा करताना. तीन वर्षं गाडी चालतेय, दर महिन्याला पाच फेऱ्या होतायत, हप्ता एकदाही चुकला नाही. मग अठ्ठावन्न हजारांच्या बिलाला पाटल्या का काढाव्या लागल्या?

अण्णांचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता आणि त्यांच्या दृष्टीने बरोबर होता. जातानाचं भाडं २७,०००, येतानाचं १८,०००, एकूण ४५,०००. फेरी ७८० किलोमीटर, लिटरला चार, म्हणजे १९५ लिटर, मुंबईत नव्वदच्या आसपास भाव, १७,५५०. टोल ६,३००. त्यात एक्सप्रेसवेचेच जाऊन-येऊन ३,२६०. २०२३ च्या एप्रिलपासून तीन अ‍ॅक्सलच्या गाडीला एका बाजूचे १,६३० आहेत. मग खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. शिवाय मुंबईचा नाका आहेच. २०२४ च्या ऑक्टोबरात तो छोट्या गाड्यांना माफ झाला, आम्हाला कुठला? वाराई-हमाली (माल चढवण्या-उतरवण्याचे) १,८००, एजंटचं कमिशन १,२००, दोघांचं जेवण-चहा १,५००, भाच्याचे २,४००. उरले १४,२५०.

पाच फेऱ्यांचे ७१,२५०. त्यातून हप्ता, विम्याचे महिन्याचे ५,८००, परमिट, टॅक्स आणि पासिंगचे (आरटीओच्या फिटनेस तपासणीचे) ४,०००, पार्किंग २,५००. राहिले वीस-एकवीस हजार, ते घरात. “एकवीस हजार सुटतात,” हे त्यांचं वाक्य तीन वर्षं मी ऐकत आलो होतो. मीही कधी उलटून विचारलं नाही, हे कबूल करतो.

त्याचं एक कारण कायद्यातच आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम ४४एई लागायचं: जड गाडीला पासिंगच्या दर टनामागे महिन्याला हजार रुपये उत्पन्न धरायचं, वह्या ठेवायची गरज नाही. २८ टनांची गाडी, महिन्याला २८,०००, वर्षाला ३,३६,०००, विषय संपला. रिटर्न पाच मिनिटांत होतं. सोय मोठी आहे, पण त्या सोयीने गाडीवाल्याच्या घरातून वहीच गेली. सरकारला हिशेब नको, मग कुणालाच नको.

त्या दिवशी आम्ही दोघं टर्मिनलवर चहा घेऊन बसलो आणि फेरी बाजूला ठेवून किलोमीटर धरला. टायरपासून सुरुवात केली. दहा रेडियल, बावीस हजारांचा एक, दोन लाख वीस हजार. पुढचे दोन सोडून आठ एकदा रिमोल्ड करायचे (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं), साडेसहा हजार प्रमाणे बावन्न हजार. पुढच्या चाकाला रिमोल्ड घालायचं नाही, त्यावर अण्णा आणि मी दोघेही ठाम. सगळा संच मिळून एक लाख दहा हजार किलोमीटर चालतो, हा त्यांचा अनुभव. भागाकार केला, किलोमीटरला जवळजवळ अडीच रुपये. अण्णांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः परत करून बघितला.

बाकीचं पटापट झालं. ऑइल-फिल्टर वीस हजार किलोमीटरला नऊ हजार, पंचेचाळीस पैसे. क्लच पंचवीस पैसे. ब्रेक लायनर तीस पैसे. पाटे, किंगपिन, हब ग्रीसिंग, बॅटरी, वायरिंग मिळून ऐंशी पैसे. आणि कधीतरी सहा लाखांच्या पुढे येणारं खरंखुरं फुल इंजिन, त्याचे चाळीस पैसे. एकूण किलोमीटरला चार रुपये सत्तर पैसे. फेरीला ३,६६६. महिन्याला अठरा हजार तीनशे.

एकवीस हजारांतून ते वजा केले. उरले सत्तावीसशे.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही तीन वर्षं टायर खाल्ले.”

तेच झालं होतं. टायर बदलायची वेळ आली की ते उधारीवर, क्लच गेला की भिशी लवकर उचलायची, आणि मधल्या शांत महिन्यांत एकवीस हजार ही कमाई वाटायची. गाडी रोज थोडी थोडी झिजत होती आणि झिजेचे पैसे किराण्यात जात होते. खंबाटकीला गॅस्केट गेलं नसतं तर दिवाळीच्या आधी टायरने हेच केलं असतं. दुरुस्तीचा खर्च अचानक येतो असं गाडीवाले म्हणतात. मला आता तसं वाटत नाही. पैसे द्यायचा दिवस तेवढा अचानक येतो, खर्च तर दर ७८० किलोमीटरच्या फेरीत होत असतो.

मग काय करायचं

फेरीमागे ३,६०० वेगळ्या खात्यात टाकायचे हे लगेच ठरलं, पण नुसतं ठरवून घर चालत नाही. गाडी विकायची का, हाही प्रश्न अण्णांनीच काढला. दुसऱ्याच्या गाडीवर पगारी बसलो तर यापेक्षा बरं पडेल, हे त्यांनाही दिसत होतं. मी आकडे मांडले: कर्जाचे अजून सात लाख नव्वद हजारांच्या आसपास बाकी, जून २०२७ ला हप्ते संपतात. तोपर्यंत गाडी ढकलली तर महिन्याचे अडतीस हजार मोकळे होतात. मात्र तेव्हा गाडी आठ वर्षांची होईल, फिटनेसचं पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी येईल आणि झिजेचे चार रुपये सत्तर पैसे साडेपाचवर जातील. अण्णांनी विकायचं नाही असं ठरवलं. मी त्यांच्या जागी काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.

दिवस कुठे जातात ते मग पाहिलं. पाच फेऱ्या, चार-चार दिवसांच्या, म्हणजे वीस दिवस. दहा दिवस गाडी उभी, त्यातले निम्मे कोल्हापूरला साखरेच्या नंबरात आणि बाकीचे वडाळ्यात भरणीच्या आणि शहरातल्या जड गाड्यांच्या बंदीच्या वेळा सांभाळण्यात. अण्णांनी साखरेला दुसरा एजंट जोडला आणि दोन दिवसांच्या वर थांबायचं नाही, गूळ किंवा फाउंड्रीचा माल मिळाला तर तो घ्यायचा, असं ठरवलं. जून ते सप्टेंबर वीसच्या जागी बावीस फेऱ्या झाल्या. फार नाही.

डिझेलमध्ये जास्त गंमत आली. साफ रेडिएटर, टायरची हवा दर फेरीला गेजने तपासणं (हातोडी मारून आवाज ऐकण्यावर अण्णांचा फार विश्वास, तो मोडायला महिना गेला) आणि सपाटीला साठच्या वर न जाणं. चारचे चार पूर्णांक दोन झाले. ऐकायला काहीच नाही, फेरीला नऊ लिटर वाचतात, आठशे रुपये.

भाडं वाढवून मागण्याचंही केलं. आधी अण्णा “परवडत नाही” म्हणायचे, ते एजंट रोज दहा जणांकडून ऐकतो. या वेळी कागद दाखवला, टायरचे अडीच रुपये, सगळं. एका एजंटने हजार वाढवले. दुसऱ्याने कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, “अण्णा, तुमच्यामागे तीन गाड्या उभ्या आहेत.” तेही खोटं नव्हतं.

वेगळ्या खात्यात चार महिन्यांत ७९,२०० जमले. त्यातून ऑइलचे नऊ हजार गेले, ब्रेक लायनरचे सोळा. पुढचे दोन टायर सप्टेंबरच्या सुरुवातीला संपत आले होते. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर येणार असं जाहीर झालं आणि अण्णांनी तीन आठवडे थांबायचं ठरवलं. घासलेल्या पुढच्या टायरवर घाट उतरणं मला मान्य नव्हतं. त्यांनी मागचे त्यातल्या त्यात बरे दोन पुढे घेतले आणि पुढचे आतल्या बाजूला टाकले. बावीस हजारांचा टायर वीस हजार दोनशे ऐंशीला पडला. दोघांचे चाळीस हजार पाचशे त्यांनी दुकानात उभ्या उभ्या फोनवरून दिले, उधारी न करता. दुकानदाराने नेहमीप्रमाणे वही उघडून ठेवली होती.

पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत. खात्यात तेरा हजार सातशे आहेत आणि दिवाळीनंतर बॅटरी निघणार आहे.

भाच्याकडे एक दोनशे पानी वही दिली आहे. तारीख, मीटर, डिझेल, हवा आणि शेवटचा रकाना पाण्याचा. जूनपासून त्या रकान्यात सरळ खाली “नाही, नाही, नाही” असं लिहिलंय. गेल्या दोन फेऱ्यांना मात्र “पाव बाटली” आहे, कूलंटची. काल रात्री अण्णांनी मला त्या पानाचा फोटो पाठवला. आज गाडी वडाळ्यात मिस्त्रीकडे उभी आहे, खाली पुठ्ठा अंथरून ठेवलाय, थेंब कुठे पडतो ते बघायला. भरणी उद्या संध्याकाळी आहे.